मॅन्युअल घ्यावी की ऑटोमॅटिक? गाडी बुक करण्याआधी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या वादात बहुतेक लोक एक चूक करतात: मॅन्युअल एका पारड्यात आणि ऑटोमॅटिक दुसऱ्या पारड्यात. पण ऑटोमॅटिक ही एक गोष्ट नाही. आपल्याकडे त्या नावाखाली चार वेगळी यंत्रं विकली जातात. त्यांची किंमत वेगळी, खोड वेगळी आणि बिघडल्यावर येणारं बिलही वेगळं. म्हणून प्रश्नही तिथूनच सुरू करू.

ऑटोमॅटिकचे हे चार प्रकार कोणते?

एएमटी: हा आतून आपला नेहमीचा मॅन्युअल गिअरबॉक्सच. तीच क्लचप्लेट, तेच दात. फरक एवढाच की क्लच दाबायचं आणि गिअर बदलायचं काम तुमच्या हातापायांऐवजी यांत्रिक हातासारखा एक अ‍ॅक्च्युएटर करतो आणि त्याला हुकूम देतो कॉम्प्युटर. भारतात हा प्रकार २०१४ च्या फेब्रुवारीत मारुती सेलेरिओबरोबर आला आणि ऑटोमॅटिक पहिल्यांदा मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली.

टॉर्क कन्व्हर्टर: इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यात क्लचप्लेट नसतेच, तेल असतं. इंजिनाकडचा पंखा तेल फिरवतो आणि त्या तेलाच्या जोराने गिअरबॉक्सकडचा पंखा फिरतो. समोरासमोर दोन टेबलफॅन ठेवून एकच चालू केला तर दुसरा जसा हळूहळू फिरू लागतो, तसंच. वेग आला की आतला लॉक-अप क्लच दोन्ही बाजू घट्ट जोडतो, म्हणजे तेलातली घसरण थांबते.

सीव्हीटी: यात ठरावीक गिअर नसतात. रुंदी कमी-जास्त होणाऱ्या दोन पुली आणि त्यांच्यामधून जाणारा स्टीलचा पट्टा, एवढंच. गुणोत्तर सलग बदलत राहतं, त्यामुळे झटका बसायला जागाच नाही.

डीसीटी: दोन क्लच. एकावर १-३-५-७, दुसऱ्यावर २-४-६. तुम्ही तिसऱ्यावर असताना चौथा आधीच तयार असतो, म्हणून गिअर पापणी लवायच्या आत पडतो. यात ड्राय क्लच आणि तेलात बुडालेला वेट क्लच असे दोन पोटप्रकार आहेत. ट्रॅफिकमध्ये हा फरक फार महत्त्वाचा ठरतो.

शोरूमवाला नुसतं "ऑटोमॅटिक आहे सर" म्हणतो. आतलं ओळखायचं कसं?

लिव्हरकडे बघा. पी (पार्क) नसेल आणि फक्त आर (रिव्हर्स), एन (न्यूट्रल), डी (ड्राइव्ह, काही गाड्यांत ए) आणि एम (मॅन्युअल) असेल, तर आपल्याकडे ती जवळपास नक्कीच एएमटी. नावांवरूनही कळतं. एजीएस, इझी-आर, ऑटोशिफ्ट ही एएमटीचीच नावं. आयव्हीटी म्हणजे सीव्हीटी. डीएसजी आणि डीसीए म्हणजे डीसीटी. एकाच गाडीत इंजिनाप्रमाणे गिअरबॉक्स बदलतो, हे विसरू नका. ह्युंदाई क्रेटाचंच बघा: साध्या पेट्रोलला आयव्हीटी, टर्बो पेट्रोलला डीसीटी आणि डिझेलला टॉर्क कन्व्हर्टर. "क्रेटा ऑटोमॅटिक चांगली आहे का?" हा प्रश्न म्हणूनच अर्धवट आहे.

किमतीत किती फरक पडतो?

एएमटीला साधारण ४५ ते ६० हजार जास्त. बाकी तीन प्रकारांना एक ते दीड लाख, मोठ्या एसयूव्हीत त्याहून अधिक.

यात एक खाच आहे, ती कोटेशन हातात येईपर्यंत लक्षात येत नाही. महाराष्ट्रात वैयक्तिक पेट्रोल गाडीला १० लाखांपर्यंत ११ टक्के आणि १० ते २० लाखांच्या पट्ट्यात १२ टक्के रोड टॅक्स लागतो. समजा मॅन्युअल ९.६० लाखांना आहे आणि तीच एएमटी १०.१० लाखांना. पहिलीचा टॅक्स १,०५,६०० रुपये, दुसरीचा १,२१,२००. म्हणजे ५० हजारांच्या फरकावर आणखी १५,६०० रुपये. विम्याचा हप्ताही किमतीप्रमाणे वाढतो, तो वेगळाच. गाडी दहा लाखांच्या उंबरठ्यावर असेल तर एक व्हेरियंट खाली उतरून ऑटोमॅटिक मिळते का, हे आधी बघा. अलॉय व्हील नंतरही लावता येतात, गिअरबॉक्स नाही.

ऑटोमॅटिकचं अ‍ॅव्हरेज कमी असतं ना?

हे जुन्या चार-स्पीड ऑटोमॅटिकच्या काळात खरं होतं. आता कागदावर तरी चित्र उलटं आहे. २०२४ च्या मारुती स्विफ्टचा प्रमाणित आकडा मॅन्युअलला लिटरला २४.८० किमी आणि एएमटीला २५.७५. होंडा सिटीत मॅन्युअल १७.८, सीव्हीटी १८.४. कारण सरळ आहे. कॉम्प्युटर आळस न करता वेळेवर वरचा गिअर टाकतो. आपण टाकत नाही.

शहरातल्या गर्दीत मात्र सीव्हीटी आणि टॉर्क कन्व्हर्टर मॅन्युअलपेक्षा थोडं जास्त पितात, हेही खरं. आणि कागदावरचा फायदा खराच मिळाला असं धरलं तरी हिशोब करून बघा. वर्षाला १२,००० किमी, १७.८ च्या जागी १८.४: वाचलं किती? २२ लिटर. लिटरला १०४ रुपये धरले तर २,३०० रुपयांच्या आत. त्यातून लाख-सव्वा लाखाचा फरक कधीच वसूल होणार नाही. अ‍ॅव्हरेजसाठी ऑटोमॅटिक घेऊ नये आणि अ‍ॅव्हरेजच्या भीतीने सोडूही नये.

रोज हिंजवडी किंवा सायन-पनवेलच्या गर्दीत दीड-दोन तास जातात. कोणता प्रकार?

बजेट बसत असेल तर सीव्हीटी किंवा टॉर्क कन्व्हर्टर. दोन्ही मुंगीच्या वेगाने सरकायला तयार असतात. ब्रेकवरून पाय अलगद उचलला की गाडी सरकते, ठेवला की थांबते, आणि त्यात झिजण्यासारखं फार काही नसतं.

एएमटी आणि ड्राय क्लचची डीसीटी इथे दुसऱ्या रांगेत. त्यांना सरकताना आतला क्लच घसरवावा लागतो, म्हणजे कॉम्प्युटरही तुमच्यासारखाच हाफ क्लच मारत असतो. ड्राय क्लचला थंड व्हायला फक्त हवा असते. उन्हाळ्याच्या दुपारी, गाडी भरलेली, चढावर जाम लागलाय आणि दर दोन सेकंदांनी फूटभर सरकणं चाललंय, अशा वेळी तापमान वाढून गाडी इशारा देते. त्यावर उपाय असा: पुढच्या गाडीला आठ-दहा फूट जाऊ द्या, मग एकदाच पुढे या, आणि थांबल्यावर ब्रेक पूर्ण दाबा. अर्धवट दाबलेला ब्रेक म्हणजे क्लच अजून झिजतोय.

म्हणजे एएमटी वाईट का? अजिबात नाही. सहा-आठ लाखांच्या पेट्रोल गाडीत डाव्या पायाला सुट्टी देणारं दुसरं फारसं काही मिळत नाही. फक्त तिच्याकडून सीव्हीटीची अपेक्षा ठेवू नये.

एएमटी गिअर बदलताना मान हलते. गाडीत दोष आहे का?

दोष नाही, तिचा स्वभाव आहे. मॅन्युअल चालवताना आपण काय करतो ते आठवा: अ‍ॅक्सिलरेटर सोडतो, क्लच दाबतो, गिअर टाकतो, क्लच सोडतो, परत अ‍ॅक्सिलरेटर. त्या मधल्या क्षणी चाकांना ताकद मिळत नाही. एएमटीतही तसंच होतं, पण तो क्षण कधी येणार हे आपल्याला माहीत नसल्यामुळे आपला पाय दाबलेलाच राहतो आणि शरीर पुढे जातं.

चार दिवसांत जमणारी युक्ती आहे. हलक्या पायाने चालवा. इंजिनाचा आवाज चढत गेला आणि आता गिअर पडेल असं वाटलं की पाय किंचित, अगदी पाव इंच, उचला. गिअर पडला की पुन्हा दाबा. झटका जवळजवळ नाहीसा होतो. तरीही झटका वाढत चालला असेल, रिव्हर्स उशिरा पडत असेल किंवा डीमध्ये टाकल्यावर गाडी थरथरून निघत असेल, तर मात्र वर्कशॉपमध्ये स्कॅनर लावून क्लचचं अ‍ॅडॅप्टेशन करून घ्या. क्लचप्लेट झिजते तसा तिचा पकडायचा बिंदू सरकतो. तो कॉम्प्युटरला नव्याने शिकवावा लागतो.

घाट चढताना ऑटोमॅटिक दम तोडते का?

टॉर्क कन्व्हर्टर अजिबात नाही. निघताना तर तो इंजिनाचा टॉर्क (चाकं फिरवायचा जोर) वाढवून देतो, म्हणून जड एसयूव्हीत तो शोभतो. सीव्हीटी चढेल, पण इंजिन एकाच उंच सुरात ओरडत राहील. त्याने गाडीला काही होत नाही, कानाला त्रास होतो.

एएमटीची खरी अडचण दुपदरी घाटात ओव्हरटेक करताना येते. आंबोली किंवा ताम्हिणीत ट्रकच्या मागे तिसऱ्या गिअरवर रखडलात, समोर रस्ता मोकळा दिसला, पाय पूर्ण दाबला, आणि नेमक्या त्याच क्षणी ती गिअर खाली आणायला थांबते. तो सेकंदभर फार लांब वाटतो. म्हणून ट्रकच्या मागे असतानाच लिव्हर एममध्ये घ्या, दुसरा गिअर पाडा, इंजिन तयार ठेवा आणि मगच बाहेर निघा. घाटात एएमटी एममध्येच चालवायची, ही सवय लावून घेतली की तक्रार उरत नाही.

चढावर थांबल्यावर गाडी मागे येऊ नये म्हणून अ‍ॅक्सिलरेटर हलका दाबून धरणं, ही एएमटी आणि डीसीटीचा क्लच जाळायची खात्रीशीर पद्धत आहे. ब्रेक किंवा हँडब्रेक वापरा. घेताना हिल होल्ड (चढावर गाडी काही क्षण आपोआप धरून ठेवणारी सोय) आहे का हे विचारा. घाटातून रोज जाणाऱ्याने ते नसलेली एएमटी घेऊच नये.

आणि उतरताना?

इथे मॅन्युअलवाले निवांत असतात, कारण "ज्या गिअरने चढतो त्याच गिअरने उतरायचं" हे त्यांना शिकवलेलं असतं. ऑटोमॅटिकवाले डीमध्ये ठेवून ब्रेकवर ब्रेक दाबत खाली येतात. बोरघाट किंवा कसारा घाटाच्या पायथ्याशी येणारा जळका वास त्याचाच.

करायचं असं. उतार सुरू होण्याआधीच वेग कमी करा. एएमटी, टॉर्क कन्व्हर्टर किंवा डीसीटी असेल तर मॅन्युअल मोडमध्ये दुसरा किंवा तिसरा गिअर. सीव्हीटीत एल (लो) किंवा एस (स्पोर्ट), हायब्रिडमध्ये बी (ब्रेक). इंजिन ३,००० आरपीएमच्या आसपास गुरगुरलं तर घाबरू नका, ते गाडी अडवून धरतंय. ब्रेक सतत घासत ठेवायचा नाही. एकदा ठामपणे दाबायचा, वेग हवा तेवढा उतरला की पूर्ण सोडायचा. त्या सुटीत डिस्क थंड होते.

न्यूट्रलमध्ये उतरल्याने पेट्रोल वाचतं, हा समज कार्ब्युरेटरच्या काळातला. आजच्या इंजेक्शनच्या गाडीत गिअरमध्ये असताना अ‍ॅक्सिलरेटर सोडला की इंधन बंदच होतं. उलट न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला ते लागतं. म्हणजे पेट्रोल वाचत नाही आणि ब्रेक मात्र जातात.

पेडल मऊ लागू लागलं किंवा वास आला तर सुरक्षित जागा बघून थांबा, अर्धा तास जाऊ द्या. चाकावर पाणी ओतू नका. तापलेली डिस्क वाकते.

सिग्नलला एन करावं की डीमध्येच ठेवावं?

टॉर्क कन्व्हर्टर आणि सीव्हीटी: डीमध्ये, पाय ब्रेकवर. दर सिग्नलला एन-डी करण्यात अर्थ नाही. एएमटी: अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त थांबायचं असेल तर एन. डीमध्ये असताना क्लच दाबून धरलेला असतो आणि रिलीज बेअरिंगवर भार राहतो. डीसीटी: ब्रेक पूर्ण दाबलेला असेल तर डी चालेल, रेल्वे फाटकासारखं लांब थांबणं असेल तर एन.

उतारावर पी टाकून थांबवली, सकाळी लिव्हर काढताना "खट्" असा मोठा आवाज आला. काही तुटलं का?

बहुधा नाही, पण रोज होऊ देऊ नका. पीमध्ये गिअरबॉक्सच्या आत बोटाएवढी एक खिट्टी दातांत अडकते. हँडब्रेक न लावता पी टाकला तर गाडीचं सगळं वजन त्या खिट्टीवर लटकतं.

क्रम असा ठेवा: ब्रेक दाबलेला, लिव्हर एनमध्ये, हँडब्रेक ओढा, ब्रेकवरून पाय अलगद उचला म्हणजे गाडी हँडब्रेकवर बसेल, पुन्हा ब्रेक दाबून पी, मग इंजिन बंद. एएमटीला पी नसतो, त्यामुळे तिथे मॅन्युअलसारखंच: डी किंवा आरमध्ये ठेवून हँडब्रेक ओढायचा आणि इंजिन बंद करायचं. गिअर अडकलेला राहतो. एएमटी एनमध्ये ठेवून, सैल हँडब्रेकच्या भरवशावर सोसायटीच्या रॅम्पवर उभी करणं, हे मागे जाऊन भिंतीला लागलेल्या कितीतरी बंपरांचं कारण आहे.

वीस वर्षं मॅन्युअल चालवलीय. ऑटोमॅटिकची सवय व्हायला किती वेळ लागेल?

उजव्या पायाला पाच मिनिटं, डाव्याला आठवडा.

डावा पाय फूटरेस्टवर किंवा सीटच्या जवळ मागे ओढून ठेवा आणि तिथेच राहू द्या. धोका पहिल्या दोन-चार दिवसांत असतो. थांबायची वेळ आली की तो पाय सवयीने क्लच शोधतो आणि रुंद ब्रेक पेडलवर पूर्ण जोराने आदळतो. गाडी जागीच उभी, मागचा तुमच्या डिकीत. म्हणून सुरुवात मोकळ्या मैदानात करा. दहा वेळा निघा, दहा वेळा थांबा, पाच वेळा रिव्हर्स.

याहून गंभीर चूक पार्किंगमध्ये होते. ब्रेक समजून अ‍ॅक्सिलरेटर दाबला जातो, गाडी उडी घेते आणि घाबरून पाय आणखी दाबला जातो. मॅन्युअलमध्ये अशा वेळी दुसरा पाय क्लचवर असतो, ऑटोमॅटिकमध्ये ती वाट नाही. त्यासाठी टाच ब्रेकच्या समोर जमिनीवर टेकवून ठेवा आणि पायाचा पंजा फिरवून अ‍ॅक्सिलरेटर दाबा. म्हणजे पाय आपोआप ब्रेककडे परततो. पार्किंगमध्ये अ‍ॅक्सिलरेटरला हातही, म्हणजे पायही, लावायची गरज नसते. ब्रेक सोडल्यावर गाडी सरकते तेवढी पुरे.

गाडी पूर्ण थांबायच्या आत आर किंवा डी टाकला तर?

एकदा झालं तर काही नाही. रोज यू-टर्न घेताना करत असाल तर गिअरबॉक्सचं आयुष्य कापताय.

पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून ऑटोमॅटिक नेता येते का?

पाणी चाकाच्या मध्यापर्यंत असेल तर कुठलीच गाडी नेऊ नका, हे आधी. त्याखाली असेल आणि जाणं भागच असेल, तर एममध्ये पहिला गिअर किंवा एल, एकसारखा कमी वेग, मध्ये थांबायचं नाही, पुढच्या गाडीच्या लाटेत शिरायचं नाही. मॅन्युअलला इथे किंचित फायदा आहे: पहिला गिअर तुमच्या हातात असतो, कॉम्प्युटर मध्येच दुसरा टाकत नाही.

इंजिन पाण्यात बंद पडलं तर पुन्हा सुरू करायचा प्रयत्न करू नका. सिलिंडरमध्ये पाणी गेलेलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो आणि हे नुकसान साध्या विम्यात सहसा बसत नाही. त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनचं वेगळं कव्हर लागतं. मुंबई-ठाण्यात राहणाऱ्याने ते घ्यावंच. गिअरबॉक्सच्या श्वासनळीतून पाणी आत गेलं का, हे तेलावरून कळतं: दुधाळ, चहासारखं झालेलं तेल म्हणजे पाणी मिसळलंय. त्या तेलावर गाडी चालवू नका.

बॅटरी उतरली तर धक्का स्टार्ट होते का?

मॅन्युअल होते. ऑटोमॅटिकचा कुठलाच प्रकार होत नाही, म्हणून जंपर केबल डिकीत असू द्या. बॅटरी पूर्ण मेली असेल तर लिव्हर पीमधून हलत नाही. बहुतेक गाड्यांत लिव्हरशेजारी एक छोटं झाकण असतं, त्यात किल्ली किंवा स्क्रूड्रायव्हर दाबून लिव्हर एनमध्ये आणता येतो. आपल्या गाडीत ते कुठे आहे, हे घरच्या पार्किंगमध्येच बघून ठेवा.

टो करायची वेळ आली तर दोरी नको, फ्लॅटबेड मागवा. इंजिन बंद असताना तेलाचा पंपही बंद असतो. चालणारी चाकं जमिनीवर ठेवून ऑटोमॅटिक ओढली तर आतले भाग कोरडे घासतात.

देखभालीला किती खर्च येतो?

मॅन्युअल: दोन लिटरच्या आसपास गिअर ऑइल आणि कधीतरी क्लच. क्लचप्लेट, प्रेशरप्लेट आणि रिलीज बेअरिंग हा सेट नीट चालवला तर ६० हजार ते १ लाख किमी जातो. छोट्या हॅचबॅकमध्ये मजुरीसकट ८ ते १५ हजार. डिझेल एसयूव्हीत ड्युअल मास फ्लायव्हीलही (इंजिनाची थरथर शोषणारं जड चाक) गेला तर बिल कित्येक पटींनी वाढतं. तेव्हा "मॅन्युअल म्हणजे स्वस्त" हे सरसकट खरं नाही.

एएमटी: क्लचचा खर्च तोच, वर अ‍ॅक्च्युएटरचा धोका. तो पूर्ण बदलायचा झाला तर हजारांचा आकडा चांगलाच फुगतो. त्याचं हायड्रॉलिक तेल वेगळं असतं आणि सर्व्हिसमध्ये हमखास विसरलं जातं. विचारून तपासून घ्या.

टॉर्क कन्व्हर्टर आणि सीव्हीटी: इथे जीव तेलात आहे. सीव्हीटीचं तेल ४० हजार किमीच्या आसपास बदलायचं, टॉर्क कन्व्हर्टरचं ६० ते ८० हजारांत. "लाइफटाइम ऑइल आहे, बदलावं लागत नाही" असं सांगितलं तर कोणाचं लाइफ, हे विचारा. टॉर्क कन्व्हर्टरच्या गिअरबॉक्समध्ये एकूण ६ ते ८ लिटर तेल मावतं, पण ड्रेन बोल्ट काढल्यावर ३ ते ४ लिटरच बाहेर येतं. बाकीचं कन्व्हर्टरमध्ये अडकून राहतं. म्हणून हजार-दोन हजार किमी चालवून पुन्हा एकदा काढून भरणं हा सोपा मार्ग. सीव्हीटीत साधं ऑटोमॅटिकचं तेल घातलं तर पट्टा पुलीवर घसरतो आणि दोन्ही निकामी होतात. नाक्यावरच्या फिटरकडे हे काम नको.

डीसीटी: चालवायला सगळ्यात मजेदार, बिघडली तर सगळ्यात महाग. क्लच पॅक आणि कंट्रोल युनिट मिळून लाखाच्या घरात जाऊ शकतं. वाढीव वॉरंटीशिवाय घेऊ नका.

मॅन्युअलचा क्लच लवकर का जातो?

पाय. चालवताना क्लचवर नुसता टेकवून ठेवलेला पाय. चढावर हाफ क्लचवर तोलून धरलेली गाडी. दुसऱ्या गिअरवर निघायची सवय. गेला हे ओळखायचं असं: चौथ्या गिअरवर ५० च्या वेगात पाय पूर्ण दाबा. आरपीएम चढला आणि वेग तेवढा वाढला नाही, तर प्लेट घसरतेय.

सीएनजी हवी आहे. ऑटोमॅटिक मिळेल?

मोजकीच. २०२४ च्या फेब्रुवारीत टाटाने टियागो आणि टिगोर सीएनजीत एएमटी आणली, त्याआधी कंपनीच्या सीएनजीत फक्त मॅन्युअलच होती. महिन्याला दीड हजार किमी शहरातच फिरत असाल तर ही जोडी कामाची. सीएनजीवर इंजिनाची ताकद थोडी कमी होते, म्हणून चढावर एम मोड वापरा.

आयएमटी म्हणजे काय? अर्धी ऑटोमॅटिक?

क्लच पेडल नाही, पण गिअर हातानेच टाकायचा. २०२० मध्ये ह्युंदाई व्हेन्यूत आली. गिअर बदलायची मजा हवी आणि पाय दुखतो, अशांसाठी ठीक. बाकीच्यांनी त्या पैशात एएमटी चालवून बघावी.

गाव तालुक्यापासून ३० किमीवर आहे, रस्ते कच्चे, घरात तिघं चालवतात. तरी ऑटोमॅटिक घ्यावी?

इथे आमचं मत मॅन्युअलकडे झुकतं. क्लच बसवणारा फिटर तालुक्याला मिळतो, अ‍ॅक्च्युएटरसाठी स्कॅनर घेऊन बसलेला मिळत नाही. चिखलात रुतलेली गाडी पुढे-मागे झुलवून काढायची असेल तर क्लच हातचा लागतो. शिवाय तिथे विकतानाही मॅन्युअललाच गिऱ्हाईक. पुण्या-मुंबईत मात्र गोष्ट वेगळी, जुन्या ऑटोमॅटिकला मागणी चांगली असते.

घरात कोणाचा गुडघा किंवा कंबर दुखत असेल, तर वरचं सगळं बाजूला ठेवा आणि ऑटोमॅटिक घ्या.

ऑटोमॅटिकवर टेस्ट दिली तर मॅन्युअल चालवता येते का?

भारतात एलएमव्ही (हलक्या मोटारीचं) लायसन्स दोन्हींना चालतं. परदेशात जाणाऱ्यांनी लक्ष द्यावं. ब्रिटनमध्ये भारतीय लायसन्सवर बारा महिने चालवता येतं, नंतर तिथली परीक्षा द्यावी लागते. ती ऑटोमॅटिकवर दिली तर मॅन्युअल चालवता येत नाही. जर्मनीत एप्रिल २०२१ पासून मधला मार्ग आहे: मॅन्युअलवर ४५ मिनिटांचे किमान दहा धडे आणि ड्रायव्हिंग स्कूलची छोटी चाचणी केली, तर परीक्षा ऑटोमॅटिकवर देऊनही दोन्ही चालवता येतात.

हायब्रिड आणि इलेक्ट्रिकमध्ये कोणता गिअरबॉक्स?

इलेक्ट्रिकमध्ये एकच गिअर. मोटर शून्यापासून पूर्ण टॉर्क देते, बदलायला काही नसतं. हायराइडर, ग्रँड व्हिटारा किंवा इनोव्हा हायक्रॉसच्या स्ट्राँग हायब्रिडवर ई-सीव्हीटी लिहिलेलं असतं, पण त्यात पट्टा आणि पुली नसतात. प्लॅनेटरी गिअर आणि दोन मोटर असतात. सीव्हीटीच्या पट्ट्याची भीती तिथे आणू नका.

जुनी ऑटोमॅटिक घेताना काय तपासावं?

गाडी थंड असताना जा. मालकाने आधीच गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी या. ब्रेक दाबून एनमधून डी, मग आर. एका सेकंदाच्या आत गिअर धरला पाहिजे, धक्का न देता. मग चढ शोधा. एएमटी आणि डीसीटी चढावर रिव्हर्समध्ये हळू घ्या, थरथर जाणवली तर क्लच संपत आलाय. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये गिअर बदलताना आरपीएम मध्येच उसळतो का बघा. सीव्हीटीत ४० ते ६० च्या वेगात काच खाली करून गुणगुणल्यासारखा आवाज येतो का ऐका. तेल बघता आलं तर बोटावर घेऊन वास घ्या. लालसर आणि निर्मळ ठीक, काळपट आणि जळका वास असेल तर किंमत कितीही कमी असो, निघा. शेवटी सर्व्हिस हिस्टरीत गिअरबॉक्सचं तेल बदलल्याची नोंद शोधा. नोंद नाही म्हणजे बदललेलं नाही असंच धरा आणि तेवढे पैसे किमतीतून कापून घ्या.